बेटावरची माणसे, बेटावरची जनावरे

(बेल्हे येथे विद्यार्थी व पालकांपुढे दिलेले भाषण)



आज मी तुम्हांला बेटांविषयी सांगणार आहे. बेल्ह्यापासून समुद्र किती लांब! मग इथे बेटांची गोष्ट कशाला, असे तुम्हांला वाटेल. पण एका दूरच्या बेटाची खूण आपल्या तालुक्यातच येऊन पडली आहे. बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी पांढुरक्या राखेचा एक थर आहे. ही राख चुलीची नव्हे, ज्वालामुखीची आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून वाऱ्याबरोबर आली. ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटात आली, की त्याच ज्वालामुखीच्या कित्येक लाख वर्षे आधीच्या स्फोटात, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. त्याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला.

सुमात्रा ज्या द्वीपमालेत आहे, तिच्यातच पूर्वेला फ्लोरेस नावाचे बेट आहे. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली, तेव्हा सुमात्रा आणि जावा आशिया खंडाला जोडले गेले. फ्लोरेस मात्र कधीच जोडले गेले नाही. तिथे जो कोणी पोहोचला, तो पाणी ओलांडूनच पोहोचला. वाघ पोहोचला नाही. हत्तीच्या जातीचा स्टेगोडॉन पोहोचला, कारण हत्ती उत्तम पोहतो. आणि माणूसही पोहोचला. दहा लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारे त्या बेटावर मिळाली आहेत.

२००३ साली तेथील लिआंग बुआ या गुहेत एका प्रौढ स्त्रीचा सांगाडा सापडला. तिची उंची जेमतेम साडेतीन फूट. मेंदू आपल्या मेंदूच्या एक तृतीयांशाहूनही लहान. या मानवजातीला होमो फ्लोरेसिएन्सिस असे नाव मिळाले. तिचे अवशेष एक लाख ते साठ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. त्याच गुहेत ठेंगण्या स्टेगोडॉनची हाडे मिळाली आणि त्यांवर दगडी हत्यारांनी कापल्याच्या खुणा आहेत. उलट उंदीर तिथे आपल्या घुशीपेक्षाही मोठे झाले.

मोठे लहान झाले आणि लहान मोठे झाले, असे का व्हावे?

पालकहो, याचे अर्धे उत्तर तुम्हांला बेल्ह्याच्या बैलबाजारात मिळेल. कडबा कमी पडला की थोराड बैल आधी खंगतो. लहान चणीचे जनावर थोडक्यात भागवते. बेटावर चारा मोजका असतो आणि दुसरीकडे जायला वाट नसते. ज्यांचे अंग लहान ते तगतात, त्यांची पिल्ले जगतात. हे एका जन्मात होत नाही, शेकडो पिढ्यांत होते. आणि बाजारात माणूस निवड करतो, तशी तिथे कोणी करत नाही. शिवाय वाघासारखे शत्रू नसले, की अंग मोठे ठेवण्याची गरज उरत नाही. उंदराचे उलट आहे. शत्रू थोडे असल्यामुळे त्याला बिळात लपण्याइतके लहान राहण्याची गरज नसते. सिसिली आणि सायप्रस या बेटांवरही एके काळी असेच बुटके हत्ती होते.

फ्लोरेसची माणसे अशीच उंच पूर्वजांपासून लहान झाली, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. मुळातच लहान असलेल्या जुन्या मानवाची ती शाखा असावी, असे काहींचे मत आहे. त्याच बेटावर माटा मेंगे येथे मिळालेली सात लाख वर्षांपूर्वीची माणसेही इतकीच लहान होती.

बेटाच्या सुरक्षिततेची दुसरी बाजूही आहे. मॉरिशस बेटावर आज मराठी वंशाची कुटुंबे राहतात. तिथेच पूर्वी डोडो पक्षी होता. तो कबुतराच्या कुळातला. पण शत्रू नसल्याने उडणे विसरला, जड झाला. १५९८ साली डच खलाशी उतरले. त्यांच्या मागोमाग डुकरे आणि माकडे आली, जहाजांतले उंदीरही आले. शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. त्याचे एक रंगीत चित्र जहांगीर बादशहाच्या दरबारातील चित्रकार उस्ताद मन्सूर यांचे मानले जाते. आज ते रशियात आहे. डोडो कसा दिसत होता, हे ठरवताना जगभरचे शास्त्रज्ञ आजही हे चित्र पाहतात. आपल्या देशातल्या एका कलावंताने नीट पाहिले आणि नीट रेखाटले, म्हणून हे ज्ञान उरले.

विद्यार्थी मित्रहो, यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. साडेतीन फुटांच्या त्या माणसांनी हत्यारे केली, शिकार केली आणि हजारो वर्षे संसार केला. तेव्हा अंगाच्या मापावरून कुणाला कमी लेखू नका. दुसरी गोष्ट पालकांसाठी. डोडोचा दोष काहीच नव्हता. त्याला बाहेरचे जग कधी भेटले नव्हते, एवढेच. पण आपण पक्षी नाही. आपल्या मुला-मुलींना बाहेरच्या जगाची ओळख करून देणे आपल्या हाती आहे. मुलगा दहावीनंतर धंद्याला लागावा, मुलगी घरी बसावी, असे ठरवण्याआधी याचा विचार करा. सुरक्षित वाटणारे घर पुढे त्यांचे बेट होऊ नये.

शिक्षकांना एक विनंती. मुलांना एकदा बोरीच्या काठावर न्या. तिथला दगड उचलू नका, राख उकरू नका; नुसते पाहा. समुद्रापलीकडच्या बेटाची राख आपल्या कुकडीच्या काठी आहे, हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तर माझे आजचे बोलणे सार्थकी लागेल.