हिशेब ठेवावा तो खेळाचा



कुटुंबसंस्थेविषयी बोलायचे म्हटले की त्याग, कर्तव्य, संस्कार हे शब्द ओघाने येतातच. ते यायलाच हवेत. आज मात्र मी एका हलक्याफुलक्या, परंतु माझ्या मते तितक्याच मोलाच्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधणार आहे. पती-पत्नी रोज एकत्र काय खेळतात, कशावर हसतात आणि सुट्टी कशी घालवतात, हा आजचा विषय.

विषय क्षुल्लक वाटत असेल, तर वेरूळला जाऊन यावे. तेथील २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात आणि २९ क्रमांकाच्या धुमार लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळत बसल्याचे शिल्प आहे. तांडवाला आणि रावणानुग्रहाला जो कातळ दिला, त्याच कातळात शिल्पकारांनी नवरा-बायकोच्या या डावालाही जागा दिली. स्कंदपुराणातील कथा तर अधिकच गमतीची आहे. शंकर डावात सर्वस्व हरतात, रुसून वनात निघून जातात आणि अखेर पार्वती शबरीचे रूप घेऊन त्यांना घरी परत आणते. खेळ, हार, रुसवा आणि समजूत, अवघा संसार त्यात आला.

देवादिकांच्या लीला आपल्याला कशा जमणार, असे कुणी म्हणेल. म्हणून माणसांच्या एका घराकडे वळू. हे घर आहे इंग्लंडच्या केंट परगण्यातील एका खेड्यात आणि काळ आहे एकोणिसाव्या शतकाचा. घरधनी आहेत चार्ल्स डार्विन. उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणारे शास्त्रज्ञ म्हणून आपण त्यांना ओळखतो. मला आज त्यांच्या सिद्धान्ताविषयी काही सांगायचे नाही. मला सांगायचे आहे ते त्यांच्या आणि एमाबाईंच्या संसाराविषयी.

जानेवारी १८३९ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि १८४२ मध्ये हे दांपत्य ‘डाउन हाउस’ या घरी राहायला आले. या घरातला एक नेम मला फार लोभस वाटतो. रात्रीचे जेवण झाले की दोघे ‘बॅकगॅमन’ खेळायला बसत. हा आपल्या सारीपाटासारखाच फाशांचा खेळ. रोज दोनच डाव. चार्ल्सराव या डावांची नोंद ठेवत. १८७६ मध्ये अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी मोठ्या फुशारकीने आकडे कळवले. एमाबाईंनी जिंकलेले डाव २४९० आणि त्यांनी स्वतः जिंकलेले २७९५! बेरीज केली तर ५२८५ डाव होतात. फासे मनासारखे पडले नाहीत की हा जगद्विख्यात शास्त्रज्ञ नशिबाला बोल लावी आणि बायकोच्या नशिबावर लटकेच रागावे, अशी आठवण त्यांच्या मुलाने, फ्रान्सिसने लिहून ठेवली आहे.

आता कुणी म्हणेल, सुखवस्तू माणसे, त्यांना खेळायला काय जाते? घरात वडिलार्जित संपत्ती होती, नोकरचाकर होते, हे खरेच. परंतु त्या घराने दुःख काही कमी पाहिले नाही. दहा अपत्यांपैकी तीन बालपणीच गेली. लाडकी ॲनी १८५१ मध्ये गेली, तेव्हा अवघी दहा वर्षांची होती. चार्ल्सराव स्वतः वर्षानुवर्षे आजारी असत. त्याहून नाजूक गोष्ट श्रद्धेची. एमाबाई मनापासून ईश्वरनिष्ठ. पतीची श्रद्धा मात्र उत्तरोत्तर क्षीण होत गेली. मृत्यूनंतर आपली ताटातूट होईल का, ही चिंता त्या माउलीला छळत असे. विवाहानंतर लवकरच तिने ती पत्राने पतीला कळवली. त्या पत्रावर आपण कितीदा अश्रू ढाळले, याची नोंद पतीने त्याच कागदावर केली आणि तो कागद जपून ठेवला. मतभेद अखेरपर्यंत मिटला नाही. पण त्यापायी संसारही मोडला नाही. १८८२ मध्ये चार्ल्सराव निवर्तले, तोवर त्रेचाळीस वर्षे दोघांनी एकमेकांना धरून ठेवले.

मला वाटते, त्या फाशांचे काम इथे होते. सर्वच प्रश्न बोलून सुटतात असे नाही. काही प्रश्न सोबत घेऊनच दोघांना म्हातारे व्हावे लागते. अशा वेळी ज्यात काही सिद्ध करायचे नाही, अशी अर्धी घटका रोज दोघांच्या वाट्याला आली, तर मन मोकळे राहते.

सुट्टीची कथाही अशीच. घर सोडायचे म्हटले की चार्ल्सरावांच्या पोटात गोळा येई. पण नवरा कामाने थकला आहे, हे एमाबाईंच्या आधी ध्यानात येई. मग दोघांत घासाघीस चाले. त्या सहा दिवस म्हणत, हे पाच दिवसांत परतू म्हणत! एकदा निघाले की मात्र हेच गृहस्थ रमत. १८७७ मध्ये ते सहकुटुंब स्टोनहेंजचे प्राचीन शिलावर्तुळ पाहायला गेले. लोक तिथे उभ्या शिळा पाहतात. यांनी पाहिले ते आडव्या पडलेल्या शिळांच्या कडेला गांडुळांनी किती माती वर आणली आहे ते! घरी तर गांडुळांना चक्क संगीत ऐकवण्यात आले. शिट्टी झाली, बसून नावाचे सुषिरवाद्य झाले, पियानो झाला. गांडुळे ढिम्म हलली नाहीत. कुंड्या पियानोवरच ठेवून सूर छेडला, तेव्हा कंप जाणवून ती बिळात शिरली. १८८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गांडुळांवरील ग्रंथात हे सारे प्रयोग आले आहेत. या घरात जिन्यावर मुलांना घसरायला लाकडी फळी होती. ज्या ग्रंथाने जग हादरले, त्याच्या हस्तलिखिताच्या काही पानांच्या पाठीवर मुलांनी चित्रे काढली आहेत. मोठे काम आणि घरातला पोरखेळ एकाच छपराखाली सुखाने नांदत होते.

मित्रहो, आता आपल्या घरांकडे वळू. रात्री जेवणे उरकल्यावर चौघे जण चार मोबाइल घेऊन चार कोपऱ्यांत बसलेले असतात. पत्त्यांचा जोड कपाटात आहे, कॅरमचा बोर्ड पलंगाखाली आहे. वेळ नाही, असे आपण म्हणतो. वेळ खरोखर कोणाला नाही, हे मात्र तपासायला हवे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-विनियोग सर्वेक्षणानुसार, आपल्या देशात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो. पुरुषांचा जातो ८८ मिनिटे, तोही जे पुरुष घरकामाला हात लावतात, त्यांचा! सुट्टीतही तेच. सगळे घर रविवार साजरा करते आणि गृहिणी दुप्पट स्वयंपाक करते. सहलीला निघालो, तर दशम्या-चटणीची तयारी तिची आणि परतल्यावर कपड्यांचे बोचकेही तिचेच.

म्हणून बंधूंनो, ‘चल, एक डाव खेळू’ असे पत्नीला म्हणण्यापूर्वी ओट्याकडे एक नजर टाका. भांडी विसळून व्हायची असतील, तर आधी ती विसळा. तिची अर्धी घटका मोकळी करणे हा या खेळाचा पहिला नियम आहे. तो पाळला नाही, तर आपला खेळ हे तिच्यासाठी आणखी एक काम होऊन बसेल.

आणि भगिनींनो, आपणही एक करा. ‘आता या वयात काय खेळायचे,’ हे वाक्य सोडून द्या. सागरगोटे असोत, पत्ते असोत, गॅलरीतल्या चार कुंड्या असोत की एसटीने जवळच्या एखाद्या गडावर जाणे असो. दोघांना आवडेल असे काहीतरी एक निवडा आणि त्याची वेळ ठरवा. छंद महागडा असण्याचे कारण नाही, त्यात प्रावीण्य मिळवण्याचेही कारण नाही. तो नेमाने व्हावा, एवढेच पुरे.

हिशेब ठेवण्याची सवय आपणा सर्वांनाच आहे. कोणी कोणासाठी किती केले, कोणाच्या माहेरी किती वेळा गेलो, कोण काय बोलले, या नोंदी आपल्या मनाच्या वहीत वर्षानुवर्षे राहतात. ती वही मिटावी आणि दुसरी उघडावी. डाव कितवा, जिंकले कोण, एवढेच तिच्यात लिहावे. उद्या रात्री पहिल्या पानावर पहिली नोंद होऊ द्या. ती पत्नीच्या नावावर झाली, तर लटके रागवायला विसरू नका!