उपाशी विजेचा स्वर

वाद्याचा स्वर निर्मळ असावा ही अपेक्षा सर्वत्र आढळते. तथापि कांहीं वाद्यांचें सौंदर्य स्वराच्या किंचित् कुरकुरींतच असतें. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा बारीक धागा सरकवून जवारी लावतात, ती कशासाठीं? नाद नुसता गोल न राहतां त्यांतून वरचे सूर झणत्कारानें बाहेर पडावे यासाठीं. मिरजेच्या तंतुवाद्यकारांची पुष्कळशी कीर्ति या जवारीच्या हातोटीवर उभी आहे. विजेच्या गिटारीच्या जगांत 'फझ' नांवाची एक लहानशी पेटी, निराळ्या मार्गानें कां होईना, स्वराला अशीच कुरकुर देते. ती जमिनीवर ठेवून पायानें चालू-बंद करतात, म्हणून तिला पेडल म्हणतात. घरीं तयार केलेल्या अशा पेडलाला विजेचा दाब हवा तसा उतरविणारी एक खुंटी जोडली असतां काय घडतें, आणि ती कशी जोडावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

फझचा जन्म एका बिघाडांतून झाला. १९६० सालीं अमेरिकेंतील नॅशव्हिल येथें मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गीताचें ध्वनिमुद्रण चाललें असतां ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारीचा आवाज यंत्राच्या एका नादुरुस्त मार्गांतून गेला आणि फाटून बाहेर पडला. तो फाटका स्वर टाकून न देतां तसाच ठेवण्यांत आला, आणि १९६१ मध्यें प्रसिद्ध झालेलें तें गीत लोकप्रिय झालें. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनीं हाच परिणाम ट्रान्झिस्टरांच्या साहाय्यानें वाटेल तेव्हां मिळावा अशी योजना केली, व १९६२ मध्यें गिब्सन कंपनीनें ती 'मेस्ट्रो फझ-टोन' या नांवानें बाजारांत आणली. प्रारंभीं गिऱ्हाईक थोडें. परंतु १९६५ मध्यें रोलिंग स्टोन्स यांच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गीतांत कीथ रिचर्ड्स यांनीं ती पेटी वापरली आणि मागणी एकाएकीं वाढली. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, ही पहिली पेटी दीड-दीड व्होल्टच्या दोन घटांवर, म्हणजे अवघ्या तीन व्होल्टांवर, चालत असे. पुढें १९६६ मध्यें लंडनच्या आर्बिटर कंपनीनें 'फझ फेस' काढलें, आणि जिमी हेंड्रिक्स यांच्या वादनामुळें तें जगभर गाजलें. त्यांत नऊ व्होल्टची एक बॅटरी, दोन ट्रान्झिस्टर आणि मोजके रोधक व धारित्रें, एवढाच संसार. म्हणून घरीं पेडल करूं पाहणारा आजहि बहुधा याच रचनेपासून श्रीगणेशा करतो.

अशीं पेडलें वापरणाऱ्यांस एक विलक्षण अनुभव येतो. बॅटरी मरणपंथास लागली म्हणजे पेडलाचा स्वर कधीं कधीं अधिक रंगतदार लागतो. सूर तुटक होतो, त्याला एक प्रकारची खरखरीत धार येते, आणि शेवटास तो विझत्या दिव्याप्रमाणें फडफडून थांबतो. वादक त्या स्वरावर लुब्ध होतो. परंतु दुसऱ्या दिवशीं बॅटरी आणखी उतरते आणि स्वर उरतच नाहीं. नवी बॅटरी घातली तर पेडल ठणठणीत बरें होतें, पण कालचा स्वर परत येत नाहीं. ज्या आवाजावर एखादी चाल बसविली तो आवाज असा हातून निसटावा, ही वादकाची खरी अडचण होय. तिच्यावरील उपाय म्हणजे ताज्या बॅटरीलाच हवी तेव्हां, हवी तितकी उपाशी ठेवणें.

उपासानें स्वर कां पालटतो, हें एका दृष्टांतानें समजेल. दोन भिंतींच्या मधोमध झोपाळा टांगला आहे अशी कल्पना करावी. फझ फेसमध्यें दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर सुमारें साडेचार व्होल्ट असावे, असा कारागिरांचा संकेत आहे. हा नवाचा मध्य होय. गिटारीकडून आलेली लहर झोपाळ्यासारखी दोन्हीं बाजूंस हेलावते, जोरानें आली तर दोन्हीं भिंतींवर आदळते, आणि तिचीं टोकें कापलीं जातात. हें कापणें म्हणजेच फझ. आतां या रचनेंत दुसऱ्या ट्रान्झिस्टरमधून किती प्रवाह वाहावा हें मुख्यतः पहिला ट्रान्झिस्टर ठरवितो. पुरवठ्याचा दाब थोडा उतरला तरी तो प्रवाह फारसा हालत नाहीं. परिणामीं झोपाळ्याचें एका भिंतीपासूनचें अंतर तेंच राहतें आणि दुसरी भिंत मात्र जवळ सरकत येते. लहर एकाच अंगानें अधिक कापली जाते व स्वराचा पोत बदलतो. दाब आणखी उतरला कीं झोपाळा त्या भिंतीला टेकूनच राहतो. मग जोरकस लहर तेवढी त्याला हालवूं शकते. दुबळ्या लहरीस ती शक्ति नसते. म्हणून छेडलेला सूर आरंभीं गर्जतो, क्षीण होऊं लागतांच तुकड्यातुकड्यांनीं तुटतो आणि एकदम नाहींसा होतो. दोन सुरांमधली नेहमींची सुसुसाटहि त्याबरोबर दबते.

आतां प्रत्यक्ष कृति. यासाठीं दहा हजार ओहमचा एक चल रोधक, ज्याला कारागीर 'पॉट' म्हणतात, तो पुरेसा होतो. बीसी १०८ सारखे सिलिकॉन ट्रान्झिस्टर घातलेलें पेडल साधारण एक मिलिअँपियरहून किंचित् कमीच प्रवाह घेतें. बॅटरीच्या धन टोंकाकडून येणारी तार मध्येंच तोडून पॉटच्या एका बाजूच्या पायास डाख द्यावा, आणि मधल्या पायापासून निघालेली तार मंडलाकडे न्यावी. उरलेला तिसरा पाय मधल्या पायासच जोडून टाकावा. पॉट जुना होऊन आंतील सरकती पट्टी क्षणभर उचलली गेली तरी मंडल तुटत नाहीं. खुंटी पूर्ण फिरविली असतां मंडलाचा प्रवाहहि उतरून अर्ध्या मिलिअँपियरच्या आसपास येतो. दहा हजार ओहम आणि अर्धा मिलिअँपियर यांचा गुणाकार पांच व्होल्ट. म्हणजे मंडलाच्या वांट्यास सुमारें चार उरतात. ओहमचा नियम एवढा हिशेब घरबसल्या करून देतो.

पॉटचे तिन्ही पाय वापरून दाबाची वांटणी करण्याची दुसरी रीत आहे. तींत दाब शून्यापर्यंत नेतां येतो. परंतु पॉट बॅटरीच्या दोन्हीं टोंकांस कायमचा जोडलेला असल्यामुळें तो एकटाच सुमारें नऊ-दशांश मिलिअँपियर खातो. जेवढें पेडलाचें अन्न, तेवढेंच खुंटीचें! शिवाय जीर्ण बॅटरीचा केवळ दाबच उतरत नाहीं, तिचा आंतला रोधहि वाढतो. पहिल्या रीतींत या दोन्हीं गोष्टी एकाच रोधकानें साधतात.

तीन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पेडलावर खुणेचा एलईडी दिवा असेल तर त्याची तार पॉटच्या आधीं, बॅटरीच्या बाजूस, जोडावी. अन्यथा दिव्याचा प्रवाहहि पॉटमधूनच जाईल, दिवा मंदावेल आणि मंडल प्रमाणाबाहेर उपाशी राहील. दुसरी गोष्ट, खुंटी फिरवितांना खरखर ऐकूं येत असेल तर पॉटच्या पुढें, पुरवठा व भूमि यांमध्यें, शंभर मायक्रोफॅरडचें धारित्र बसवावें. त्याचें धन टोंक पुरवठ्याकडेच हवें. मात्र या धारित्रामुळें दाब सुराबरोबर चटकन् खालवर होत नाहीं. ज्याला जोराच्या आघातासरशीं दचकणारा स्वर हवा असेल त्यानें तें वगळून पाहावें. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, हा खेळ नऊ व्होल्टच्या साध्या पेडलापुरताच ठेवावा. अंकीय पद्धतीचीं पेडलें दाब उतरतांच बंद पडतात, आणि घरांतील मुख्य वीजपुरवठ्याशीं असले प्रयोग करणें म्हणजे जिवाशीं खेळ होय.

जोडणी झाल्यावर मंडलाकडे जाणाऱ्या तारेवर मीटर लावून खुंटी सावकाश फिरवावी, आणि जेथें स्वर मनासारखा लागेल तेथील व्होल्ट टिपून ठेवून खुंटीशेजारीं खूण करावी. मरत्या बॅटरीनें योगायोगानें दिलेला स्वर मग खुणेवर खुंटी आणतांच सांपडतो, आणि चालीच्या मध्येंच तो निर्मळ करावासा वाटला तर खुंटी उलट फिरवितांच पेडलाचा उपास सुटतो.