डॉन बॉस्को आणि पटांगणावरची मुले



तालुक्याच्या हायस्कुलात नव्याने दाखल झालेला मुलगा पहिल्या आठवड्यात काय शिकतो? भूगोल आणि बीजगणित शिकतो, हे खरेच. पण त्याच्याही आधी तो हे शिकतो की मागच्या बाकावर कोण बसतो, नळावर कोणाच्या आधी पाणी प्यायचे नाही, आणि आपल्या बोलण्यातल्या कोणत्या शब्दाला वर्ग हसतो. वाडीवरून आलेल्या पोराला कोणी 'ए काळ्या' म्हणून हाक मारतो, कोणी त्याचा डबा पळवतो. कोणी म्हणतो, "एक झुरका मार, नाहीतर तू आमच्यातला नाहीस." आता तर ही टिंगल शाळा सुटल्यावरही सुटत नाही. मोबाइलवरून ती मुलाच्या मागोमाग घरी येते, पार अंथरुणापर्यंत. आपण वडीलधारी माणसे मात्र म्हणतो, "पोरांचं पोरं बघून घेतील. आम्ही नाही का असेच वाढलो?"

"पोरांचं पोरं बघून घेतील" हे वाक्य ज्याने उभ्या आयुष्यात मान्य केले नाही, अशा एका ख्रिस्ती धर्मगुरूची हकिकत आज सांगायची आहे. मुंबईत माटुंग्याला ज्यांच्या नावाची शाळा आहे, ते हे डॉन बॉस्को. 'डॉन' हा शब्द आपल्याकडे चित्रपटांनी पार बिघडवून टाकला. इटलीत तो पाद्र्याच्या नावाआधी लावायचा आदराचा शब्द आहे, आपल्या 'बुवा'सारखा. मुलांवर दांडगाई करणाऱ्यालाही डॉन म्हणायचे आणि ती दांडगाई मोडून काढणाऱ्यालाही डॉनच, ही मोठी गंमत आहे खरी!

त्यांचे नाव जोव्हान्नी, म्हणजे जॉन. उत्तर इटलीत पीडमॉण्ट नावाचा प्रांत आहे. तिथल्या बेक्की या वाडीवर १८१५ साली एका शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. मूल दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा बाप वारला. घरात सावत्र थोरला भाऊ होता, त्याला या पोराचे पुस्तक डोळ्यासमोर नको असे. तो म्हणे, मी शाळेत न जाता एवढा धिप्पाड झालो, मग याला शिकून काय करायचेय? त्यावर जॉनने उत्तर दिले की आपला गाढव तर तुझ्याहून मोठा आहे आणि तोही शाळेत गेलेला नाही. एवढे बोलून त्याला पळ काढावा लागला, हे सांगायला नकोच. अखेर बारा वर्षांच्या जॉनला आईने दुसऱ्याच्या शेतावर चाकरीला पाठवले. घरातल्या घरात होणारी दंडेली कशी असते, हे या माणसाला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१८३१ साली तो चिएरी या गावी शाळेत गेला. वय सोळा, आणि बसावे लागले सर्वांत खालच्या वर्गात, चिमुरड्या पोरांमध्ये खांबासारखा. पुढे साठीच्या सुमारास लिहिलेल्या आठवणींत त्यांनी या दिवसांबद्दल मोकळेपणाने लिहिले आहे. एका सोबत्याने जुगाराला चल म्हटले, दुसऱ्याने वर्ग बुडवायला सांगितले. एकाने तर सल्ला दिला की घरमालकिणीची एखादी किमती वस्तू उचल, म्हणजे खाऊला पैसे होतील. शिक्षक मंडळींनी हे जरूर ध्यानात घ्यावे. मुलगा वाईट संगतीला लागतो तो वाईटाची आवड म्हणून फारसा लागत नाही. एकटे पडण्याची भीती त्याला तिकडे ओढून नेते.

जॉनने त्या टोळीशी भांडण मांडले नाही आणि तिला शरणही गेला नाही. अभ्यासात मागे पडणाऱ्यांना तो मदत करू लागला, तशी पोरे त्याच्याभोवती जमली. जत्रेतले बाजीगर पाहून पाहून तो हातचलाखी आणि दोरावरून चालणे शिकला होता, त्याचाही उपयोग झाला. १८३२ साली या पोरांची एक मंडळी झाली, तिचे नाव आनंद मंडळ. नियम थोडेच होते. ख्रिस्ती माणसाला न शोभणारे बोलायचे वा करायचे नाही, शाळेची आणि धर्माची कामे नेटाने करायची, आणि मन उदास करणारी गोष्ट मंडळात आणायची नाही. शिवीगाळ करणाऱ्याला मंडळाबाहेर काढीत. ज्याला कोठेतरी 'आपल्यातला' व्हायचे आहे, त्याला टोळीखेरीज दुसरी जागा उपलब्ध झाली. सोळा-सतरा वर्षांच्या पोराने हे केले, कोणा वडिलधाऱ्याने नव्हे.

आता त्या शाळेतला एक प्रसंग सांगतो. शिक्षक यायचे होते. वर्गात एकाने वाकायचे आणि दुसऱ्याने त्याच्या पाठीवरून उडी मारायची, असा खेळ चालला होता. लुईजी कोमोल्लो नावाचा नवा मुलगा कोपऱ्यात वाचीत बसला होता. एका दांडग्याने त्याला हाताला धरून ओढले. "मला हा खेळ येत नाही," असे तो म्हणाला, तेव्हा त्या दांडग्याने त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. आता जुंपणार म्हणून सगळे पाहू लागले, कारण कोमोल्लो वयाने मोठा होता. त्याचे तोंड लाल झाले, पण तो एवढेच म्हणाला की तुझे समाधान झाले असेल तर जा, माझ्या मनात काही नाही. वर्ग गप्प झाला आणि त्याच दिवशी जॉनने या मुलाशी मैत्री जोडली.

गोष्ट इथे संपली असती तर ती नीतिपाठाच्या पुस्तकात शोभली असती. पण बॉस्कोंनी पुढचेही लिहून ठेवले आहे. काही दिवसांनी टोळी पुन्हा कोमोल्लोवर आणि दुसऱ्या एका गरीब स्वभावाच्या मुलावर चालून गेली. जॉनने बजावले, कोणी ऐकेना. मग त्याने काय केले? हाताशी काठी नव्हती, म्हणून त्यातल्याच एका पोराचे खांदे धरून त्यालाच काठीसारखा फिरवला आणि बाकीच्यांना झोडपले! चौघे आडवे झाले, उरलेले ओरडत पळाले. शिक्षक आले, त्यांनी आधी चिडून हात चालवले आणि कारण कळल्यावर ते हसू लागले. कोमोल्लो मात्र हसला नाही. तो जॉनला म्हणाला की तुझ्या ताकदीची मला भीती वाटते, देवाने ती सोबत्यांना चेचायला दिलेली नाही.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. मार खाणाऱ्या मुलाला आपण दोनच उपदेश करतो. बाप म्हणतो, "तूही एक ठेवून दे." आजी म्हणते, "जाऊ दे रे, देव बघतो आहे." कोमोल्लोची क्षमा थोर होती यात शंका नाही. पण ती त्याची स्वतःची होती, त्याला कोणी ती करायला लावली नव्हती. रोज मार खाणाऱ्या लेकराला मोठ्या माणसाने "क्षमा कर" असे सांगणे याला मी धर्म म्हणणार नाही, तो आपला त्रास वाचवण्याचा मार्ग आहे. आणि ठोशाला ठोसा द्यायचा म्हटले, तर प्रत्येक मुलाला जॉनचे दंड कोठून आणायचे? शिवाय क्षमेनंतरही टोळी परत आलीच होती. मग तिसरा मार्ग कोणता? बॉस्को पाद्री झाल्यावर तो शोधीत राहिले.

१८४१ च्या जूनमध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि ते ट्युरिन शहरात आले. शहर वाढत होते, बांधकामे निघाली होती. डोंगरातल्या खेड्यांतून पोरे गवंड्यांच्या हाताखाली आणि धुराडी साफ करायला येत. राहायला जागा नाही, ओळखीचे माणूस नाही. बॉस्को तुरुंगात जात तेव्हा बारा ते अठरा वर्षांची धडधाकट पोरे तिथे उवा-ढेकणांत कुजताना दिसत. सुटून गेलेली पुन्हा आत येत, कारण बाहेर त्यांना विचारणारे कोणी नसे.

त्याच वर्षी ८ डिसेंबरला ते चर्चमध्ये मिस्सासाठी वस्त्रे चढवीत होते. कोपऱ्यात एक अनाथ गवंडी पोरगा अवघडून उभा होता. चर्चच्या सेवकाने त्याला उपासनेत साहाय्य कर म्हटले, त्याला ते येईना. तेव्हा सेवकाने झाडणीच्या दांड्याने त्याला बडवून हाकलले. बॉस्कोंनी विचारले, का मारतोस? तो म्हणाला, तुम्हाला त्याचे काय? बॉस्को म्हणाले, तो माझा मित्र आहे, आत्ताच्या आत्ता त्याला बोलावून आण. त्या घटकेपर्यंत त्यांनी त्याचे तोंडही पाहिले नव्हते! पुढल्या रविवारी तो पोरगा आणखी सोबती घेऊन आला. असे करता करता शेकडो झाले. गोंगाटापायी या जमावाला जागोजागी हुसकून लावण्यात आले. पोलिसांना संशय आला, काही सहकाऱ्यांना बॉस्को वेडे झाले असे वाटले. अखेर १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को भागात एक ठेंगणे छप्पर मिळाले. प्रार्थना, खेळ आणि रात्रीची शाळा, सगळे तिथेच चाले. म्हातारी आई गाव सोडून पोरांच्या भाकरीला आली.

कामावरच्या छळाचे काय? त्यावरचा त्यांचा उपाय मला फार आवडतो. उमेदवार पोराला मालक घरच्या पाण्याला, झाडण्याला लावीत आणि चुकला की बडवीत. बॉस्कोंनी उपदेशाला जोड म्हणून मालकाशी रीतसर करार करायला सुरुवात केली. १८५२ च्या फेब्रुवारीतला एका सुताराशी केलेला करार आजही पाहायला मिळतो. मालकाने मुलाला धंदा शिकवावा, धंद्याबाहेरचे काम सांगू नये, सणावारी सुट्टी द्यावी, वय आणि ताकद पाहून काम द्यावे, आणि चुकल्यास शब्दांनी समजवावे, अन्य मार्गाने नाही. मालक, उमेदवार, त्याचा बाप आणि बॉस्को, साऱ्यांच्या सह्या.

बरे, दांडगाई करणाऱ्या पोराचे काय करायचे? १८५७ च्या शरदात कार्मान्योला स्टेशनवर बॉस्को गाडीची वाट पाहत होते. धुके पडले होते आणि पोरांचा गलका चालला होता. एक आवाज सगळ्यांवर हुकूम सोडीत होता. बॉस्को त्यांच्यात शिरताच सगळे पसार झाले, एकटा तो उभा राहिला आणि उलट यांनाच विचारू लागला की आमच्या खेळात घुसणारा तू कोण? मिकेले मागोने, वय तेरा, बाप नाही, धंदा उनाडकी, पोरांचा 'जनरल'. बॉस्कोंनी त्याला ट्युरिनला आणले आणि एक सोबती नेमून दिला. त्याच्यासोबत राहायचे आणि त्याला कळू न देता सांभाळायचे, हे त्या सोबत्याचे काम. नव्या मुलाला असा सोबती द्यायची तिथली रीतच होती. पुढे हाच जनरल दुसऱ्यांची पत्रे लिहून देई, आजाऱ्याजवळ बसे. १८५९ च्या जानेवारीत, चौदावे पुरे होण्याआधीच तो वारला. त्याचे चरित्र बॉस्कोंनीच लिहिले.

त्याआधी तिथे दोमेनिको साव्हिओ हा मुलगा राहून गेला होता. दोन विद्यार्थ्यांनी घरच्यांवरून शिव्या दिल्या आणि दगडांनी एकमेकांची डोकी फोडायचे ठरवले. साव्हिओ मोजलेल्या अंतराच्या मधोमध छोटा क्रूस धरून उभा राहिला आणि पहिला दगड माझ्यावर टाका म्हणाला. दोघांच्या हातून दगड गळाले. ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नाही, त्या दोघांनीच नंतर सांगितली. प्रत्येक वर्गात मारणारे दोन-चार आणि मार खाणारा एखादा असतो, उरलेले नुसते बघत असतात. त्या बघ्यांतला एक जण पुढे झाला, हे इथे महत्त्वाचे.

१८७७ साली बॉस्कोंनी आपली पद्धत एका छोट्या पुस्तिकेत मांडली. चूक होऊ द्यायची आणि मग शिक्षा करायची, ही एक रीत. मुलांत मिसळून राहायचे, म्हणजे चूक करायला वावच उरत नाही, ही दुसरी. विवेक, धर्म आणि ममता या तीन गोष्टींवर त्यांनी ती उभी केली. हिच्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच फोल नाही. सदा कोणीतरी जवळ असले तर मुलाने स्वतःच्या पायांवर केव्हा उभे राहायचे? शहाण्या शिक्षकाला हे माप रोज नव्याने घ्यावे लागते. पण नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस सोबत्यांच्या छळापायी तीन मुलांनी जीव दिल्याची शंका आली आणि १९८३ साली देशभर मोहीम उघडली गेली. त्यात पुढे असलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनाही हेच आढळले, की मधल्या सुट्टीत जिथे शिक्षक जास्त हजर असतात तिथे छळ कमी होतो. धर्म कोणताही असो वा नसो, पटांगणावर उभे राहायला सगळ्यांनाच येते.

बॉस्कोंची संस्था जगभर पसरली, १९०६ साली ती आपल्याकडे तंजावरलाही आली. पण त्यांच्या हयातीतच मूळ घरात काही बिनसू लागले होते. १० मे १८८४ ला अडुसष्ट वर्षांच्या थकलेल्या बॉस्कोंनी रोमहून ट्युरिनच्या सहकाऱ्यांना एक लांबलचक पत्र लिहिले. स्वप्नात त्यांनी दोन पटांगणे पाहिली होती. पहिले जुन्या दिवसांतले, मुले धावताहेत आणि पाद्री त्यांच्यात धावताहेत. दुसरे तेव्हाचे. तिथे काही पोरे खांबाला टेकून एकटी उभी होती, काही घोळक्याने हळू आवाजात बोलत आजूबाजूला चोरून पाहत होती, आणि शिक्षक मुलांकडे पाठ करून आपापसांत गप्पा मारीत फेऱ्या घालीत होते. मुलांवर माया आहे एवढे पुरत नाही, ती आहे हे मुलांना कळले पाहिजे, असे त्यांनी त्या पत्रात बजावले. नवी शिस्त, नवे नियम यांची मागणी त्यांनी केली नाही. मुले खेळत असताना तुम्ही पुन्हा त्यांच्यात जाऊन उभे राहा, एवढेच त्यांनी मागितले.