गाणं तेच, गायक वजा

गणपती महिन्यावर आले की सोसायट्यांमध्ये ट्रॅकची शोधाशोध सुरू होते. हौशी गायकांना वाद्यमेळ परवडत नाही, म्हणून कराओके ट्रॅक हवा. आणि ज्या गाण्याचा ट्रॅक कुठेच मिळत नाही, नेमकं तेच गाणं कुणाला तरी म्हणायचं असतं. मग घरातल्या कॉम्प्युटरवाल्या भाच्याला फर्मान सुटतं, "अरे, मूळ गाण्यातला गायकाचा आवाज तेवढा काढून दे ना!" भाचा हे काम कसं करतो आणि कुठे अडतो, ते आज पाहू.

स्टुडिओत हल्ली प्रत्येक वाद्य वेगळं मुद्रित होतं. पण आपल्या हाती पडतं ते सगळं एकत्र करून बनवलेलं, डाव्या आणि उजव्या अशा दोनच वाहिन्यांचं गाणं. व्हायोलिनं थोडी डावीकडे, गिटार थोडी उजवीकडे, असं ध्वनिमुद्रक ठरवतो. मुख्य गायकाचा आवाज मात्र दोन्हीकडे सारखाच ठेवतात, म्हणून हेडफोन लावल्यावर तो डोक्याच्या मधोमध ऐकू येतो. जुनी युक्ती याच सवयीवर बेतलेली आहे.

ऑडॅसिटी नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याचं काम सुरू झालं आणि २००० साली ते लोकांना मिळालं. त्यात गाणं उघडलं की एकाखाली एक अशा दोन लहरी दिसतात. त्या सुट्या करायच्या, दोन्ही मोनो करायच्या, आणि एकीला 'इन्व्हर्ट'ची आज्ञा द्यायची. म्हणजे लहरीचा चढ तिथे उतार, उतार तिथे चढ. आता दोन्ही एकदम वाजवा. जे दोन्हीकडे सारखं होतं, ते जमा-नावे होऊन शून्यावर येतं. जे वेगवेगळं होतं, ते उरतं.

पहिल्यांदा ऐकताना जादूच वाटते. पण नीट कान द्या. इथे मशीनने गायक ओळखलेलाच नाही, त्याने मधोमध जे होतं ते सरसकट पुसलं. बास गिटार आणि ड्रमचा मोठा ठोका बहुधा मधोमधच असतो, तोही गेला. उलट गायकाच्या आवाजाला दिलेला घुमारा, स्टुडिओच्या भाषेत रिव्हर्ब, दोन्ही बाजूंना वेगवेगळा पसरलेला असतो, तो राहिला. त्यामुळे शब्द कळत नाहीत, पण कुणीतरी लांब गातंय असं वाटत राहतं. बास वाचवायचा असेल तर साधारण १२० हर्ट्झच्या खालचे खर्जाचे सूर न पुसता तसेच राहू द्यावेत. घुमाऱ्यावर या पद्धतीत इलाज नाही. आणि गाणं शक्यतो सीडीवरून घ्या. जास्त दाबलेल्या एमपीथ्रीत दोन वाहिन्यांमधला फरकच घासून गेलेला असतो, मग वजाबाकी धड होत नाही.

आपली खरी पंचाईत वेगळीच आहे. हौशी मंडळींना गायची असतात जुनी गाणी, आणि जुनी गाणी मोनो. १९५५-५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने 'गीतरामायण' ऐकवलं, तो सगळा जमाना मोनोचा. मोनोत डावं-उजवं एकच. वजाबाकी केली की गायकाबरोबर तबला, बासरी, सगळंच जातं. उरते निव्वळ शांतता!

इथे नवी पद्धत कामाला येते. फ्रान्सच्या डीझर कंपनीने २०१९ साली 'स्प्लीटर' खुलं केलं, फेसबुकच्या संशोधकांनी 'डेमक्स' बनवलं. ही सॉफ्टवेअर डावं-उजवं यावर अवलंबून राहत नाहीत. हजारो वेळा सुटे आवाज आणि त्यांचं मिश्रण ऐकवून त्यांना शिकवलेलं असतं, की माणसाचा आवाज असा, ड्रम असा. २०२३ साली बीटल्सचं 'नाऊ अँड देन' आलं, ते याच जातीच्या तंत्रामुळे. जॉन लेननने सत्तरच्या दशकात घरी कॅसेटवर मुद्रित केलेल्या गाण्यात त्याचा आवाज आणि पियानो एकमेकांत गुंतले होते. ते सुटे करता आले, तेव्हा गाणं पुरं झालं.

तरीही हा मशीनचा अंदाजच आहे. त्याला माणसाचा आवाज कळतो, पण मुख्य गायक कोण आणि साथीदार कोण, हे कळत नाही. पोवाड्याचा ट्रॅक करायला जा, शाहिरासोबत झीलकऱ्यांचं 'जी जी रं जी'ही गायब. कोळीगीतातला कोरस गेला की गाण्यातली गंमतच गेली. गायकाच्या मागोमाग जाणारी सारंगी किंवा व्हायोलिनही कधी कधी मशीनला गळ्यासारखी वाटते आणि तिचे लचके तुटतात.

यावर माझा उपाय सोपा आहे. अख्खं गाणं मशीनच्या हवाली करू नये. मूळ गाणं आणि मशीनने दिलेला ट्रॅक एकाखाली एक लावावेत. जिथे मुख्य गायक गातो तिथे ट्रॅक, आणि प्रील्यूड, इंटरल्यूड, कोरस, झील यांच्या जागी मूळ गाणं. सांध्यावर आवाज किंचित उतरवत-चढवत जोडलं की खटका लागत नाही. कष्टाचं काम आहे, पण फरक लगेच ऐकू येतो.

एक कायद्याची गोष्ट. गायक वजा केला म्हणून गाणं आपलं होत नाही. घरच्या रियाजाला कुणी आडकाठी करत नाही, पण ट्रॅक विकायचा किंवा इंटरनेटवर टाकायचा तर ध्वनिमुद्रणाचे हक्क, शिवाय गीतकार-संगीतकारांचे हक्क आड येतात. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं चालतो.

आणि शेवटी पट्टी. मूळ गाणं काळी पाचमध्ये, तुमचा गळा काळी तीनचा. मग ऑडॅसिटीच्या 'चेंज पिच'मध्ये जाऊन चार सेमीटोन खाली उतरवा, लय तीच राहील. त्याहून खाली नेलंत तर तबल्याचा आवाज फुगतो आणि बासरी बोजड होते. तेव्हा आधी हार्मोनियम काढून स्वतःची पट्टी नीट बघून घ्या, मग माउसला हात लावा.