टांगता मार्ग



वसंतातल्या संध्याकाळी कत्तलखान्यातील यंत्रांविषयी ऐकायचे, म्हणून काहींनी नाक मुरडले असेलच. त्यांच्यासाठी आम्ही ओळखीच्या जागेवरून निघतो. रेठरे बुद्रुकच्या साखर कारखान्यात गव्हाणीत मोळी टाकली की हंगाम सुरू. ऊस सरकत जातो, माणूस जागेवर उभा राहतो. (शब्द गोठ्यातला, वस्तू यंत्रातली, मराठीला हे छान जमते.) ही गव्हाण जमिनीवरून उचलून छताखाली टांगली, अशी कल्पना करा.

जनावर जमिनीवर सोलले की रक्त, शेण आणि मांस एकाच फरशीवर येते. वर कितीही पाणी ओता, घाण पसरतेच. म्हणून धड मागल्या पायांनी उचलायचे. आकड्याला चाक, चाक लोखंडी रुळावर. रुळाला थोडा उतार असला तर हाताने ढकलले तरी भागते. मोठ्या कत्तलखान्यात विजेवर साखळी फिरते आणि तिचे दांडे चाकांना रेटतात. एक जण कातडे सोडवतो, दुसरा पोट उघडतो, तिसरा धड दुभागतो. म्हशीचे धड खांद्यावर वाहण्याची पाळी कोणावर येत नाही, हा लाभ लहान नव्हे. उत्तम ठिकाणी यकृत, फुप्फुसे वेगळ्या थाळ्यांतून आपापल्या धडाच्या जोडीने सरकतात. यकृतात कृमी निघाले तर ते कोणत्या जनावराचे, हे तपासनिसाला तिथेच कळले पाहिजे.

शिकागोत ही पद्धत गेल्या शतकाच्याही आधी रुळली. मोटारीच्या सरकत्या जोडणीची कल्पना आपल्याला तिथूनच सुचली, असे हेन्री फोर्ड यांनी १९२२ च्या आत्मचरित्रात सांगितले आहे. त्यांच्याकडे १९१३ मध्ये सांगाडा जोडायला १२ तास २८ मिनिटे लागत. पुढच्या वर्षी १ तास ३३ मिनिटे. पण कामगार टिकेनात, तेव्हा जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर देण्याचे त्यांनी जाहीर केले. त्याआधी, १९०६ मध्ये, अप्टन सिंक्लेअर यांनी शिकागोच्या कामगारांची दैना कादंबरीत मांडली होती. वाचकांना काळजी लागली ती आपल्या ताटाची! मांसतपासणीचा कायदा त्याच वर्षी झाला. कामगार होता तिथेच राहिला.

आपल्याकडे मुंबई महापालिकेने १९७१ मध्ये देवनारचा कत्तलखाना सुरू केला. आधी हे काम वांद्र्याला चाले. केंद्र सरकारचे २००१ चे नियम सांगतात की धड जमिनीवर सोलू नये, एका जनावरादेखत दुसरे मारू नये. आणखी एक कलम आम्हांला फार शहाणपणाचे वाटते. एका पशुवैद्याने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा अधिक जनावरे तपासू नयेत. म्हणजे एकेका जिवाला पाच मिनिटे. साखळीचा वेग बटण फिरवून वाढतो, डोळ्यांचा वाढत नाही.

तेव्हा एखाद्या नगरपालिकेपुढे अशा सामग्रीचा प्रस्ताव आला, तर नागरिकांनी किमतीआधी विचारावे, पशुवैद्य किती नेमणार? एकच असेल, तर विजेची साखळी कशाला? उताराचा रूळ आणि धड उचलणारा एक यारी पुरे. साखळी घेतलीच, तर ती थांबवण्याची कळ सुरी चालवणाऱ्या प्रत्येकाच्या हाताशी आहे की मुकादमाच्या खोलीत, हेही पाहून यावे.