असईच्या तोफेपाशी कोण होतं?

श्रोतेहो, मला दिलेला विषय आहे ‘शिंद्यांच्या फौजेतला जर्मन अधिकारी’. म्हणजे अँथनी पोलमन. त्याच्याबद्दल सांगतोच, पण माझं खरं गाऱ्हाणं वेगळं आहे.

असईची लढाई तुम्हाला माहीत आहे. 23 सप्टेंबर 1803, केळणा आणि जुई या दोन नद्यांमधली चिंचोळी जमीन. निजाम तेव्हा इंग्रजांच्या बाजूला होता. हे आपल्या भाषणांतून सोयीस्करपणे गळतं. दोनच दिवस आधी बदनापूरला इंग्रजांचे वेल्स्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन, आणि कर्नल स्टीव्हन्सन भेटले. दोन वाटांनी जायचं आणि 24 तारखेला मिळून हल्ला करायचा, असं ठरलं. पण शिंदे-भोसल्यांची छावणी वाटलं होतं त्यापेक्षा जवळ निघाली, आणि वेल्स्ली एकटाच पुढे झाला.

आता पोलमन. हा हॅनोव्हरचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने लढायला आलेल्या हॅनोव्हरच्या पलटणीत सार्जंट होता. ती नोकरी सोडून महादजी शिंद्यांचा सेनापती द बॉइन याच्याकडे आला आणि चढत चढत एका कंपूचा, म्हणजे ब्रिगेडचा, मुख्य झाला. मालपुऱ्याला जयपूरच्या फौजेशी लढला. हत्तीवरून हिंडायचा आणि सोबत एकसारख्या जांभळ्या पोशाखातले मोगल पहारेकरी ठेवायचा, असं त्याचं वर्णन आहे. सार्जंटाची बढती कुठवर जाऊ शकते, पाहा!

असईला त्याने काय केलं? फौज केळणेकडे तोंड करून उभी होती. वाटाडे म्हणत होते, नदीला उतार नाही. वेल्स्लीने पाहिलं की पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं समोरासमोर आहेत. म्हणजे मधे उतार असणारच! तो पार होऊन बगलेवर आला. त्याचा हिशेब असा की ही फौज आता वळत नाही. पोलमनने ती वळवली.

हे किती अवघड ते लग्नाच्या पंगतीवरून सांगतो. ताटं वाढलेली आहेत, वरण-भात कालवून झालाय, आणि यजमान सांगतो, सगळ्यांनी ताटासकट उठा आणि काटकोनात बसा. वरण सांडायचं नाही. आपल्याकडे तर नुसतं ‘जरा सरका’ म्हटलं तरी भांडण लागतं. इथे दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा, बैलं, दारूगोळा. हे सगळं फिरून उजवी बाजू केळणेला आणि डावी असई गावाला टेकवून उभं राहिलं.

इथवर पोलमनचं कौतुक करा. माझी हरकत नाही. पण पंगत वाढली कुणी? तोफ पोलमनने ओढली नाही. ती गोलंदाजांनी ओढली, भरली, डागली. आणि इतकी नेमकी डागली की इंग्रजांच्या तोफांचे बैल जागच्या जागी पडले. वेल्स्लीला आपल्या तोफा मागे टाकून संगिनी लावून पुढे जावं लागलं.

पुढचं ऐका, कारण हे नेहमी सुटतं. इंग्रजांची रांग तोफांवर येऊन पोचली. पायदळ मागे हटलं. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले मैदानातून लवकरच निघून गेले होते. यजमान गेले, पंगत उठली, आचारी मात्र चुलीपाशीच! संगिनीने मारले गेले तेवढे गेले. उरलेले तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रज पुढे सरकताच उठून, तोंडं फिरवून, त्यांच्या पाठीवर त्याच तोफा डागू लागले. वेल्स्लीला स्वतः मागे फिरून त्या तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. सुमारे साडेचार हजारांतले 1,584 मेलेले, जखमी आणि बेपत्ता, हा त्यांचा हिशेब. पुढे वॉटर्लू जिंकूनही हा माणूस आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचंच नाव घ्यायचा.

आणि आमचे वक्ते म्हणतात, शिंद्यांच्या तोफा चांगल्या होत्या. अहो, चांगल्या होत्याच! आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉट माणसाच्या देखरेखीखाली ओतल्या जात. टिपूच्या तोफा आमच्या उपयोगी पडल्या नाहीत, शिंद्यांच्या पडतात, असं खुद्द वेल्स्लीने लिहिलं. पण तोफ आपण होऊन पाठमोऱ्या शत्रूकडे तोंड फिरवत नाही, हो. मी पुन्हा सांगतो, रेडिओवर पान मागे उलटता येत नाही म्हणून सांगतो: तोफेपाशी कोण होतं, ते विचारा. त्या गोलंदाजांतले बहुतेक उत्तर हिंदुस्थानातले, आपल्या गावचे नव्हेत. म्हणून काय झालं? मेले ते आपल्या मातीत.

दुसरा एक सूर असा की गोऱ्या अधिकाऱ्यांनी दगा दिला म्हणून हरलो. कंपनीने त्या वर्षी जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रजांना बोलावून घेतलं, बरेच गेलेही. पण पोलमन त्या दिवशी मैदानात होता. पुढे तो कंपनीच्या नोकरीत दिसतो, ते पुढे. आणि गोरा नसला की फौज कोलमडते असं म्हणणाऱ्यांनी लासवारी पाहावी. 1 नोव्हेंबर 1803, अलवरजवळ. तिथे गोरे अधिकारी जवळजवळ उरलेच नव्हते. तरी गोलंदाज संगीन छातीत शिरेपर्यंत तोफेपासून हलले नाहीत. हे जनरल लेकने, म्हणजे जिंकणाऱ्याने, लिहून ठेवलंय. कवायत शिकवली युरोपियनांनी, मान्य. पण शिकवणारा नसतानाही जो...

काचेपलीकडून खूण झाली. आपल्या अकोल्याकडच्या आडगावच्या लढाईवर यायचं होतं, तिथे तोफांचं निराळंच झालं, ते राहिलं. भोकरदनकडे गेलात तर असईला जरूर जा, आणि कुणी नुसता वेलिंग्टन सांगू लागला तर त्याला थांबवून गोलंदाजांचं विचारा.