यावलची नीळ आणि ॲनिलिन

सातपुड्याच्या पायथ्याचं आपलं यावल आज केळीसाठी ओळखलं जातं. पण पूर्वी इथला हातकागद आणि इथली नीळ नावाजलेली होती. नीळ या रंगानं इंग्रजी भाषेला दोन शब्द दिले.

पहिला ‘इंडिगो’. भारतातून येणाऱ्या या रंगाला ग्रीक लोक ‘इंडिकॉन’, म्हणजे भारतीय, म्हणत. लॅटिनमध्ये त्याचं ‘इंडिकम’ झालं, आणि स्पॅनिश-पोर्तुगीज वळणानं ‘इंडिगो’ इंग्रजीत पोहोचला.

दुसरा शब्द ‘ॲनिलिन’. संस्कृत ‘नीली’पासून फारसी ‘नील’ आला. अरबांनी त्याला आपलं ‘अल्’ हे उपपद जोडलं, उच्चार झाला ‘अन्-नील’. पोर्तुगिजांनी त्याचं ‘अनिल’ केलं. १८४० मध्ये रसायनशास्त्रज्ञ फ्रित्शे यांनी निळीपासून एक तेलकट द्रव मिळवला आणि त्याला ‘ॲनिलिन’ नाव दिलं. त्याच ॲनिलिनपासून १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी जांभळा कृत्रिम रंग बनवला. १८९७ मध्ये कृत्रिम नीळही बाजारात आली, आणि निळीची शेती झपाट्यानं ओसरली.

रसायनशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे जरूर सांगा: ॲनिलिन या नावात आपली नीळ आहे.